वाचकांचे प्रश्न : कार्बनचा पाय आणि ओहोटीची वाळू

मागच्या अंकात एका उत्तरात मी माझ्या डाव्या पायाबद्दल ओझरतं लिहिलं, आणि या महिन्यात वीज-चुंबकाचे प्रश्न बाजूला राहून अकरा पत्रं पायाचीच आली. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गुहागरच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो. २०११ च्या जूनमध्ये हायवेवर पहिल्या पावसात मोटारसायकल घसरली आणि डावा पाय गुडघ्याखाली वीतभर सोडून गेला. चाळिशी उलटल्यावर ब्लेड, म्हणजे कार्बनच्या वाकड्या पट्टीचा पळायचा पाय, लावून किनाऱ्यावर पळायला लागलो. खेळाडू नाही. पळतो, एवढंच.

माझा भाचा १९ वर्षांचा. कॉलेजात ४०० मीटर पळायचा. सात महिन्यांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शेजारीपाजारी म्हणतात, ब्लेड लावलं की स्प्रिंगवर उडेल, पहिल्यापेक्षा जोरात पळेल. खरं का? आताच घ्यावं का? (एक मामा, देवगड)

मामा, त्या शेजाऱ्यांना बॉलपेनमधली स्प्रिंग काढून टेबलावर ठेवायला सांगा आणि म्हणावं, बसा बघत. कुणी दाबल्याशिवाय ती उडते का?

जोरात पळणाऱ्याचं पाऊल जमिनीला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतं. तेवढ्या वेळात स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त, आणि क्षणभर तिपटीहून जास्त जोर जमिनीवर द्यावा लागतो. भाचा साठ किलोचा असेल तर एकशेऐंशी किलो, म्हणजे हापूसच्या भरलेल्या नऊ-दहा पेट्या एका पायावर. वेगवान आणि सावकाश धावणाऱ्यांत मुख्य फरक या जोराचा असतो. पाय हवेतून पुढे आणायला दोघांनाही साधारण सारखाच वेळ लागतो.

आपल्या टाचेमागची जाड शीर हीसुद्धा ताणून सुटणारी स्प्रिंगच आहे. पण तिच्या पाठीशी पोटरीचा स्नायू असतो आणि तो दर पावलाला पदरचं काही घालतो. ब्लेडच्या पाठीशी कुणी नाही. कार्बनच्या पातळ थरांची ती पट्टी तुम्ही दाबाल तेवढी वाकते आणि सुटताना शंभरातले नव्वद-पंच्याण्णव परत करते. व्याज नाही, उलट थोडी कटौतीच. राहिलेली भर खुब्याने आणि मांडीने घालायची. पहिल्या महिन्यात माझी पोटरी नसलेली बाजू पळायची आणि रात्री कण्हायचा तो ढुंगणाचा स्नायू.

एका पायाला ब्लेड असलेल्या धावपटूंवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ब्लेडच्या बाजूने जमिनीवर पडणारा जोर धडधाकट पायापेक्षा सरासरी ९ टक्के कमी भरला. मला ते वाचायच्या आधीच माझ्या नववीच्या पोरांनी सांगितलं होतं. व्याडेश्वराच्या देवळामागे ओहोटीच्या ओल्या वाळूवर मी शंभर पावलं पळालो आणि त्यांनी टेप लावून ठसे मोजले. उजव्या पायाचा ठसा टाचेपासून अंगठ्यापर्यंत पुरा. डावीकडे नुसती उलथन्यासारखी चौकोनी खूण, मागे वाळूची उडालेली फाक. उजव्या ठशापासून ब्लेडच्या ठशापर्यंतचं अंतर जास्त, आणि ब्लेडपासून उजव्यापर्यंतचं चार बोटं कमी. एक पोरगी म्हणाली, "सर, डावीकडनं तुम्हाला उधारीच मिळते." वहीत तिने निष्कर्ष म्हणून तेच लिहिलं. मी खोडलं नाही.

आता भाच्याच्या ४०० मीटरबद्दल, कारण इथे डावा-उजवा फरक पडतो. ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने पळतात, म्हणजे वळणावर डावा पाय आतल्या अंगाला. वळणावर आतल्या पायाला अंग तिरकं ठेवून जोर द्यायचा असतो आणि ब्लेडला घोटा नाही, ते बाजूला कलत नाही. २०१६ च्या एका अभ्यासात एक पाय गेलेले धावपटू ब्लेड आतल्या बाजूला असताना, बाहेरच्या बाजूला असतानापेक्षा ३.९ टक्के हळू पळाले. ४०० मीटरमध्ये दोन वळणं. तेव्हा त्याला १०० मीटर आणि लांब उडी यांचीही चव घेऊ द्या. १०० मीटरमध्ये सुरुवात रडवेल, कारण ब्लॉकमधून सुटताना ब्लेड अजून दाबलेलंच नसतं. पहिले तीस मीटर मागे राहायचं आणि मग फेडायचं. ते त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशीच ब्लेड फेकून देईल. गुडघ्याखालून एक पाय गेलेल्यांचा ब्लेडवरच्या गटाला पॅरालिंपिकमध्ये टी ६४ म्हणतात. भालाफेकीत तोच एफ ६४. सुमित अंतिलने पॅरिसला २०२४ मध्ये ७०.५९ मीटर भाला फेकून सुवर्ण घेतलं ते याच गटात. त्याचाही डावाच पाय.

आताच घ्यावं का? नको. सात महिन्यांत उरलेला पाय, ज्याला सगळे स्टंपच म्हणतात, अजून आटत असतो. आज मापाचा घेतलेला सॉकेट, म्हणजे स्टंप जिच्यात बसतो ती खोबण, दिवाळीपर्यंत बादलीसारखा वाजेल. आणि पळणं सॉकेटवर ठरतं, ब्लेड त्याच्या नंतर. माझा पहिला सॉकेट जिथे झाला त्या जागेचं नाव घेत नाही. त्यांनी साच्यात गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या हाडाच्या टोकाला जागाच सोडली नव्हती. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा दाब सोसतो, ते टोक सोसत नाही. तिथे नस अगदी कातडीखाली असते. तीन आठवडे मी "सवय होईल" हे ऐकत राहिलो आणि चौथ्या आठवड्यात जखमेला पू झाला. सवय होत नसते. पाय काढल्यावर कातडीची लाली उतरायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर तो परत घालायचा नाही आणि बनवणाऱ्याकडे परत जायचं, पाच वेळा जावं लागलं तरी.

तोवर त्याला साध्या पायावर चालू द्या, पोहू द्या, खुब्याचे व्यायाम करू द्या. स्टंप एका मापावर राहू लागला की मग ब्लेड. ते वजनावर आणि पळण्याच्या जोरावर कडक-मऊ निवडतात, म्हणून दुसऱ्याचं जुनं, स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. मऊ असलं तर तळाला बसेल, कडक असलं तर वाकणारच नाही.

जयपूर फूटवर पळता येत नाही का? एवढा महागडा कार्बन कशाला? (रत्नागिरी)

बससाठी पळता येतं, मी पळालोय. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरला केलेला तो रबराचा पाय उकिडवं बसायला, अनवाणी चालायला, चिखलात उतरायला बनवलेला आहे. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे त्याच्याइतका कामाचा पाय दुसरा नाही. पण रबर दाब पिऊन टाकतं, परत देत नाही. ब्लेडचं उलट. त्याला टाच नाही, त्यावर स्वस्थ उभंही राहता येत नाही, सारखं या पायावरून त्या पायावर व्हावं लागतं. १९७६ मध्ये स्वतःचा पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स या अमेरिकन माणसाने चित्त्याचा मागचा पाय डोळ्यांसमोर ठेवून तो आकार काढला. ब्लेड घालून मी देवळाच्या रांगेत उभा राहिलो होतो एकदा. मागच्या आजी म्हणाल्या, "लघवीला जायचंय का रे?"

ब्लेडवाल्यांना सर्वसाधारण स्पर्धेत पळू देणं अन्याय नाही का? पिस्टोरियसचं काय झालं? (निवृत्त क्रीडाशिक्षक, चिपळूण)

गुरुजी, तुमचा प्रश्न चिडून लिहिलेला आहे, पण चुकीचा नाही. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याला जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने जानेवारी २००८ मध्ये बंदी घातली, मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्याचे दोन्ही पाय ब्लेडचे होते. तिथे हिशेब वेगळा होतो : ब्लेड पायापेक्षा हलकं, म्हणून हवेत झटकन पुढे येतं, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे लंगडणं नाही. शिवाय पोटरी नाही म्हणजे ती दमायचाही प्रश्न नाही. उलट बाजूला कमी जोर आणि रडकी सुरुवात. शास्त्रज्ञांची दोन टोळकी त्यावर भांडली आणि मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. एका पायावाल्याबाबत मात्र माझं मत ठाम आहे : धावण्यात तो तोट्यात आहे.

लांब उडीत मी इतका ठाम नाही. जर्मनीचा मार्कुस रेम उजव्या ब्लेडवरून उडी घेतो. २०२३ मध्ये तो ८.७२ मीटर गेला. पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण पुढच्या वर्षी ८.४८ ला मिळालं. धावत येताना तो मागे असतो, पण फळीवर ती पट्टी दबते तेव्हा वेग फारसा वाया जात नाही. घोट्याने उडणाऱ्याचा जातो. तुम्ही मैदानावर उभे असाल तर शिट्टी कुणासाठी वाजवाल, हे मला खरंच ऐकायचंय.

मी २६ वर्षांची, उजवा पाय गुडघ्याखाली नाही. दुपारपर्यंत पाय सैल होतो, आत घाम साचतो. समुद्रावर पळावं का? (वेंगुर्ला)

ताई, पळा. सैल होतो कारण दिवसभरात स्टंप आकसतो. पर्समध्ये स्टंपवर घालायचे जास्तीचे मोजे ठेवा आणि दुपारी एक चढवा. घामाला आपल्या हवेत इलाज नाही. तासाभराने बसून पाय उतरवायचा, स्टंपवर चढवतो तो सिलिकॉनचा लायनर आतून कोरड्या फडक्याने पुसायचा, परत घालायचा. चारचौघांत लाज वाटते पहिले सहा महिने. रात्री लायनर साबणाने धुऊन सावलीत उलटा टांगा. आमच्याकडे तो गंजीफ्रॉकशेजारी असतो.

पळायचं ते ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत ब्लेड रुततं आणि दिलेला सगळा जोर वाळू खाते. पौर्णिमा-अमावास्येला पहाटे सहाच्या आसपास ओहोटी मिळते. अष्टमीला त्या वेळी भरती असते, झोपून राहा. आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. ब्लेड वजनाखाली दबतं म्हणून ते दुसऱ्या पायापेक्षा थोडं लांब बसवतात, आणि किनारा समुद्राकडे उतरता असतो. माझं ब्लेड डावं. उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे, लांब पाय उताराला पडतो आणि सगळं समतल वाटतं. परतताना तोच पाय चढाला येतो आणि कंबर उचलून उचलून दुखते. तुमचं उलट होणार. वेंगुर्ल्याहून दक्षिणेला पळत जा आणि येताना चालत या. घरी आलात की बोल्टवर गोडं पाणी ओता, खारं राहिलं तर पावसाळ्याआधीच गंजतात.

ब्लेड लावून स्कूटर चालवता येते का? (नाव नाही)

नाही. प्रयत्न केला होता. बायकोने चावी अजून दिलेली नाही.