कोकणात विक्रीला काढलेले नवे आलिशान बंगले बघायला जाताना काय बघावं?

तुम्ही विचारलंय की दापोली-गुहागरकडे समुद्र दिसणारे तयार बंगले दाखवायला बिल्डर दोन दिवसांचा कार्यक्रम ठेवतात, पुण्याहून गाडी आणि जेवणखाण त्यांचंच, तर जावं का, तिथं काय तपासावं आणि सांगतात तो दर खरा कशावरून.

मी दापोली तालुक्यातली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, गवंडी, सगळं आयुष्य जांभ्याच्या कामात गेलं. सासरी हार्डवेअरचं दुकान आहे, बावीस वर्षं गल्ल्यावर मीच बसते. असा एक कार्यक्रम गेल्या वर्षी जानेवारीत मी स्वतः बघून आले. त्या दिवसाचं अजून मनात आहे, म्हणून लिहायला बसले.

जा, पण जानेवारीत नको, जुलैत जा. पावसात असले कार्यक्रम कुणी ठेवत नाही हे मला माहीत आहे. तरी फोन करून सांगा की आम्हांला भर पावसात घर बघायचंय. टाळाटाळ केली तर घर घेऊ नका. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कोकणातलं घर त्या चार महिन्यांसाठी बांधायचं असतं. उरलेले आठ महिने काय, मांडवाखालीही निघतात.

आमचे धाकटे भाऊजी पुण्याला असतात. नाव त्यांनीच नोंदवलं होतं, आणि मी दुकानात बसते म्हणून ‘वहिनी, तुम्ही पण चला, तुम्हांला कळतं’ असं म्हणून मला नेलं. जाऊबाई होत्या, हे दुकानात थांबले. एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाच बंगले बांधून तयार होते. खाली समुद्र, उजव्या हाताला सुवर्णदुर्ग. गेल्यागेल्या कोकम सरबत, मग चपला काढून पायांत कापडी पिशव्या. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी आम्हांला फिरवत होती. शेजारच्या गावचीच निघाली, बोलताबोलता ओळख लागली.

घरं देखणी होती, खोटं कशाला सांगू. स्वयंपाकघरात ओट्यासमोर मोठी खिडकी, पलंगावर पडून समुद्र दिसेल अशी झोपायची खोली, प्रत्येक बंगल्याला स्वतःचा तरणतलाव. जाऊबाई हरखून गेल्या. मी वर बघत होते. वर सपाट स्लॅब, चारी बाजूंनी डब्यासारखा कापलेला. पावळी (छपराची भिंतीबाहेर काढलेली कड) नाही, खिडकीवर छज्जा नाही, पश्चिमेला छतापासून जमिनीपर्यंत नुसती काच. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो आणि आडवा येतो. त्याच्या झडीपासून भिंत वाचवायला जुन्या घरांची पावळी पुढे काढलेली असते, त्या बाजूला पडवी असते, आणि तरीही मे अखेरीस पडवीला नारळाची झापं बांधतात. इथं ती झड थेट काचेवर येणार होती.

भिंत जांभ्याची आहे असं पत्रकात छापलं होतं. मी बोटाच्या पेराने ठोकून बघितली. आत सिमेंटचे ब्लॉक, वरून इंचभर जाडीच्या जांभ्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या. चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, तासता येतो, मग वाऱ्यावर वर्ष-दोन वर्षं कडक होत जातो. दगड सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून तो जाड लागतो, आणि म्हणून त्याला पावळीचं छत्र लागतं. पट्टीमागे पाणी शिरलं की ते तिथंच राहतं.

मग आम्ही वरच्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीत गेलो. झोपायच्या खोलीतून सरकत्या काचेच्या दारातून बाहेर यायचं, तिथं दोन बाय चारच्या फिक्या टाइल्स. आमचे अण्णा पाणसळ (सपाटी तपासायचं अवजार) लावून झाली तरी मालकाला बोलावून त्याच्यासमोर तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते कुठे जातंय ते दाखवायचे. माझ्याकडे घरून आणलेली पाण्याची बाटली होती. दारापासून हातभर अंतरावर अर्धी ओतली. पाणी क्षणभर तिथंच थबकलं, मग हळूहळू, टाइलच्या सांध्यासांध्याने, दाराकडे निघालं. सांडपाण्याची जाळी समोरच्या कोपऱ्यात होती, तिकडे थेंबही गेला नाही. सरकत्या दाराच्या खालची खाच भरली आणि एक धार आत लाकडी जमिनीवर उतरली.

कुणीतरी हाक मारून पोछा आणवला. भाऊजींचा चेहरा उतरला. मी मुद्दाम त्यांचा अपमान केला असं त्यांना वाटलं. खाली सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘वहिनी, याला घर म्हणतात. तुमचं ते कौलारू म्हातारं घर अजून किती दिवस टेकू लावून उभं ठेवणार?’’

‘तुमचं’ म्हणाले. आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर, भाऊजी त्याच माजघरात जन्मले. हा वाद आमच्यात निसर्ग वादळापासूनचा आहे. ३ जून २०२०ला दुपारी आम्ही माजघरात दाराला पाठ लावून बसलो होतो. कौलं उडताना आवाज येत नाही, ती खाली पडतात तेव्हा येतो. आठशेच्या वर कौलं गेली, दोन वासे मोडले, वाडीतली पोफळ निम्मी आडवी झाली. चिऱ्याच्या भिंतीला एक तडा नाही. महिनाभर वीज नव्हती. तेव्हा भाऊजी फोनवर म्हणाले, पाडून टाका, स्लॅबचं बांधू, मी निम्मे पैसे देतो. (लॉकडाऊन होता, त्यांना येणं शक्य नव्हतं, त्याचा राग नाही.) मी नाही म्हटलं. अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. ओटीवर खुर्ची टाकून बसले आणि सुताराकडून ऐनाचे नवे वासे चढवून घेतले. कौलं मिळत नव्हती, सगळ्या तालुक्याला एकदमच हवी होती, म्हणून पाऊस ताडपत्रीखाली काढला. त्या घराला म्हातारं म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

आता तुम्हांला उपयोगी पडेल ते. दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या आणि स्क्रू बघा. त्या बंगल्यांना वर्षही झालं नव्हतं आणि समुद्राकडच्या दाराच्या बिजागरीवर तांबूस ठिपके आले होते. स्टेनलेस स्टील म्हणजे गंजत नाही असं लोक समजतात. बाजारात सगळीकडे मिळतं ते ३०४. खाऱ्या वाऱ्याला ३१६ लागतं, महाग असतं, म्हणून घालत नाहीत. दुकानात रोज हेच बघते. जिथे दिसतं तिथे ही काटकसर, तर स्लॅबच्या आतल्या सळईचं काय हे विचाराच: सळईवर काँक्रीट किती जाड आहे, वाळू कुठली, खाडीची तर नाही ना. खारी वाळू सळईला आतून खाते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडायला लागतात.

तलाव आवडला तर पाण्याचा हिशेब मांडा. तीस बाय बारा बाय चार फुटांचा तलाव म्हणजे चाळीस हजार लिटर. पाच बंगल्यांचे दोन लाख. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो आणि उतारावर झरा होऊन निघतो, त्यावर खालच्या वाडीच्या विहिरी चालतात. वर बोअर मारून उपसा केला तर एप्रिलमध्ये कुणाच्या विहिरीचा तळ दिसेल ते सांगायला नको. किनाऱ्यालगत फार उपसलं तर गोडं पाणी जाऊन खारं येतं, ते परत गोडं होणं फार अवघड. मी त्या मुलीला विचारलं तर हळूच म्हणाली, ‘‘काकू, उन्हाळ्यात टँकर येतो.’’ डोंगर कापून रस्ता केलेला असेल तर आधारभिंतीला पाणी निघायची भोकं आहेत का आणि ती बुजलेली नाहीत ना, हेही बघा. २०२१च्या जुलैत महाडजवळ तळियेवर दरड आली, ती आम्ही कुणी विसरलेलो नाही.

कागदांचं थोडक्यात. सातबारा तुमच्या एकट्याच्या नावाने होणार की वीस जणांचा सामाईक, जमीन बिनशेती झाली आहे का (शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही), आणि भरतीरेषेपासून अंतर किती. किनाऱ्याच्या नियमांची अधिसूचना १९९१पासून आहे, नंतर २०११ आणि २०१९ला बदलली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जागा तिच्यात येते आणि आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावांत पहिले २०० मीटर नवं बांधकाम करता येत नाही. लाटेचं पाणी पायाला लागेल असा बंगला दाखवला तर आधी तो नकाशा मागा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त घरं, असं दोन्ही असेल तर महारेराची (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी हवी. नोंदणी असली तर ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाल्यास बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. गळतीचे फोटो तारखेसकट ठेवा.

दर खरा का, हे मला सांगता येणार नाही, तो माझा प्रांत नाही. रेडीरेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, मुद्रांक शुल्कापुरता असतो, त्यावर जाऊ नका. आजूबाजूच्या जमिनी खरंच कितीला गेल्या ते नोंदणी झालेल्या दस्तांच्या इंडेक्स टूमध्ये दिसतं, वकिलाकडून काढून घ्या.

त्या वर्षी जुलैत मी आणि हे स्कूटरवरून सड्यावर गेलो. फाटक बंद होतं, रखवालदार ओळखीचा निघाला, त्याने आत घेतलं. जांभ्याच्या पट्ट्यांवर वरपासून खालपर्यंत शेवाळाचे काळे ओघळ होते. दोन पट्ट्या सुटून खाली पडल्या होत्या. मी पाणी ओतलं त्या गच्चीच्या दाराला आतून टॉवेल आणि गोणपाट कोंबलेलं होतं. फोटो काढून भाऊजींना पाठवले. त्यांनी बघितले, उत्तर आलं नाही.

स्लॅब मुळातच वाईट असं मी म्हणत नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. वानरांचा उपद्रव इतका वाढलाय की कौलारू घर राखणं ही शिक्षा झाली आहे, दर मेमध्ये कौलं परतायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी ऐकून घाम फुटतो. नव्याने बांधणाऱ्याने उतरता स्लॅब घालून वर कौलं बसवावीत, पावळी चांगली तीन-चार फूट बाहेर काढावी, तेच शहाणपणाचं. तसे बांधणारे बिल्डरही आहेत, सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

पण सगळं नीट बांधलं तरी घर बंद राहिलं तर आमच्या हवेत ते कुजतं. गाद्यांना वास येतो, कपाटाच्या पाठीला बुरशी धरते, दारं फुगतात. परतताना गाडीत मी भाऊजींना विचारलं होतं की ऑगस्टात खिडक्या कोण उघडणार. म्हणाले, केअरटेकर ठेवू. म्हणजे आमच्याच वाडीतला कुणीतरी, त्यांचं बंद घर झाडायला. तुम्हीही पुण्यात बसून हेच ठरवणार असाल तर घर घेऊ नका, चार दिवस यायचं तर भाड्याने राहा, आमच्या गावाला त्यातूनही चार पैसे मिळतात.

मी त्यांना म्हटलं, माणूस ठेवायचाच तर आपल्या घराला ठेवा. पडवीच्या शेजारची खोली तुम्हांला काढून देते. न्हाणीघराला नवी फरशी, कमोड, छपरावर वानरांसाठी जाळी, समुद्राकडच्या दाराला ३१६च्या बिजागऱ्या, सगळा खर्च मांडून कागद त्यांच्या हातात दिलाय. व्हिलाची बयाण्याची रक्कम त्यांनी अजून भरलेली नाही. यंदा गणपतीला दोघं येतायत, तेव्हा तो कागद सोबत आणा म्हणून सांगितलंय.