शेवाळाचं नंतर, 22 लाख कुठे ठेवलेत ते आधी बघा

प्रश्न : आमचं गाव मिरज तालुक्यात. रत्नागिरी–नागपूर महामार्गात जमीन गेली, त्याचे 22 लाख वडिलांच्या नावावर गावातल्या पतसंस्थेत ठेवलेत. चार पावत्या आहेत, दोन 6 लाखांच्या, दोन 5 लाखांच्या. 11 टक्के व्याज मिळतं. वडील 71 वर्षांचे आहेत. चेअरमन भावकीतले, आणि ठेवींना विमा आहे असं मॅनेजर सांगतात. आता एक कंपनी दहा गुंठ्यांत उसाच्या पाचटावर शेवाळ वाढवायचा प्रकल्प देतेय. टाकी, मोटर, बियाणं मिळून 8 लाख. शेवाळ बायोडिझेलसाठी तेच परत घेणार, महिन्याला 45 हजारांची हमी, दोन वर्षांचा करार. पतसंस्थेचे पिग्मी एजंटच कंपनीचं काम बघतात. संस्था ठेवीवर 13 टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. कर्ज काढू की ठेव मोडू?

उत्तर : ठेव मोडा. पण शेवाळासाठी नाही.

शेवाळाचा हिशेब आधी उरकतो, कारण तो लहान आहे. दहा गुंठे म्हणजे साधारण 1,000 चौरस मीटर. उघड्या टाकीत, वीतभर पाण्यात, पाणी ढवळणारं चाक सतत फिरवत ठेवलं आणि सगळं नीट चाललं, तर चौरस मीटरला दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास सुकं शेवाळ हाती येतं. म्हणजे रोज 10 किलो, पावसाळ्यातले दिवस वगळून वर्षाला 3 टन. त्यात तेल धरा 20 टक्के. 600 किलो, म्हणजे साडेसहाशे लिटर. कंपनी तुम्हाला वर्षाला 5 लाख 40 हजार देणार म्हणते. भागा. लिटरला 830 रुपये पडतात. डिझेल पंपावर शंभराच्या आत-बाहेर मिळतं. हा फरक कंपनी कुठून भरणार, याचं उत्तर तुमच्या 8 लाखांत आणि तुमच्या मागून येणाऱ्यांच्या 8 लाखांत आहे.

खर्च अजून धरलेलाच नाही. एक एचपीची मोटर चोवीस तास चालली तर दिवसाला 18 युनिट, वर्षाला 40 हजारांच्या वर बिल. शेतीच्या फीडरवर आठ तास वीज असते. चाक थांबलं की शेवाळ तळाला बसतं आणि सडतं. एप्रिल-मेमध्ये नुसत्या उन्हाने रोज 6,000 लिटर पाणी उडतं. आणि टाकीतल्या पाण्यात लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम शेवाळ असतं, म्हणून 10 किलोसाठी रोज 20 हजार लिटर पाणी गाळायचं. फडक्याने ते होत नाही, पेशी इतक्या बारीक की कापडातून निसटतात नाहीतर कापड तुंबवतात. निवळी टाकून बसवलं तरी हाती येतो तो चिखल, ज्यात अजून 80-90 टक्के पाणीच. दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. वाळवायला उष्णता लागते, तिचा खर्च वेगळा.

पाचटाचं तर मूळच चुकीचं आहे. शेवाळाला ऊन, कार्बन डायऑक्साइड, नत्र आणि स्फुरद लागतं. पाचट म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन, ते शेवाळाला खाता येत नाही. आधी आम्ल किंवा एन्झाइम वापरून त्याची साखर करावी लागते, आणि त्या साखरेवर काही जातींचं शेवाळ अंधारातसुद्धा वाढतं, तेलही चांगलं देतं. हे खरं आहे, कंपनीच्या माहितीपत्रकातले फोटो त्याचेच असतील. पण ते होतं बंद, निर्जंतुक केलेल्या स्टीलच्या टाकीत. उघड्या टाकीत पाचट टाकलं की साखरेवर पहिला हक्क जिवाणूंचा. पाणी चहासारखं काळपट होतं, ऊन आत जात नाही, रात्री प्राणवायू संपतो आणि टाकी आठवडाभरात घाण मारायला लागते. एक्झॉनमोबिलसारख्या तेल कंपनीने 2009 पासून शेवाळाच्या इंधनावर 35 कोटी डॉलरच्या आसपास घातले आणि 2023 मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. दहा गुंठ्यांत ते गणित सुटणार नाही. पाचट खोडव्यात सरीत कुजवा. एकरी 30-35 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर, एवढ्यात त्याचं सोनं होतं.

आणि 2019 चं कडकनाथ कोंबड्यांचं फसवणुकीचं प्रकरण तुमच्याच जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातून सुरू झालेलं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, अंडी परत घेणार तीही कंपनीच. तुमच्या करारातली कलमं त्याच साच्यातली आहेत. एजंटाला एकच विचारा : गेल्या बारा महिन्यांत तेल कोणाला विकलं, जीएसटीची बिलं दाखवा.

आता तुम्ही न विचारलेलं. मला शेवाळापेक्षा जास्त भीती त्या चार पावत्यांची वाटते.

एक पावती हातात घ्या आणि वरची ओळ वाचा. तिथे ‘सहकारी पतसंस्था मर्यादित’ असेल. ‘बँक’ हा शब्द नसेल. सगळं या एका शब्दावर अडलंय. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं ठेव विमा महामंडळ, डीआयसीजीसी, फक्त बँकांच्या ठेवींना संरक्षण देतं : दर ठेवीदाराला, दर बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत. फेब्रुवारी 2020 आधी ते 1 लाखच होतं. राष्ट्रीयीकृत बँक, नागरी सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, सगळ्या त्यात येतात. पतसंस्था येत नाही. मॅनेजर सांगतात तो विमा बहुतेक तिजोरीतल्या रोकडीचा असतो, चोरी-दरोड्याचा. त्याचं प्रमाणपत्र काउंटरमागे लावलेलं असतं आणि लोक ते ठेवींचं समजतात. मॅनेजरना पॉलिसीचा कागद मागा आणि विमा कशाचा ते त्यावर वाचा.

चेअरमन भावकीतले आहेत म्हणून धीर धरू नका. थकीत कर्जं वाढली की चेअरमनच्या सज्जनपणातून ठेव परत करता येत नाही. आणि ज्या संस्थेचा पिग्मी एजंट ठेवीदारांना कर्ज काढायला लावून शेवाळ विकतोय, ती संस्था कर्जं कोणाला आणि कशी वाटते, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता. लेखापरीक्षणाचा वर्ग अ आहे की ड, थकबाकी किती टक्के, हे अहवालात असतं. तुम्ही तो मागितल्याचं पत्रात कुठेच नाही.

ठेवीवर कर्ज काढाल तर तेवढ्या पावत्या तारण जातील आणि कर्ज फिटेपर्यंत मोडता येणार नाहीत. अडचणीच्या वेळी हात तिथेच बांधले जातील. वर 11 टक्के घेऊन 13 टक्के द्यायचे.

काय करायचं ते सांगतो. एक 5 लाखांची पावती याच आठवड्यात मोडायला द्या, पैसे वडिलांच्या बँक खात्यावर आरटीजीएसने मागा. मुदतपूर्व मोडल्याने एक-दोन टक्के व्याज कापतील, कापू द्या. चारही पावत्यांवर दोन टक्के गेले तरी 44 हजारच होतात. दोन-चार दिवसांत पैसे आले, तर बाकीच्या तीनही त्याच मार्गाने काढा.

आलेल्या पैशांतले 15 लाख वडिलांच्या नावाने पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. मर्यादा 30 लाखांची आहे, व्याजदर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्क्यांवर आलाय. सरकार तो तिमाहीला जाहीर करतं, तेव्हा खातं उघडायच्या दिवशीचा विचारून घ्या. त्या दराने दर तिमाहीला 30,750 रुपये हातात. साडेचार लाख एका राष्ट्रीयीकृत बँकेत, अडीच लाख दुसऱ्या बँकेत खर्चापाण्याला. 15 लाखांवर वर्षाला 42 हजार व्याज कमी मिळेल, पण मुद्दलामागे सरकार उभं असेल.

पत्रात नॉमिनीचा उल्लेख नाही. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करा. आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, त्या मोबदल्यातही. तुम्हाला बहिणी असतील तर वडील हयात असताना, पैसे हलवण्याआधी, त्यांच्यासमोर हे बोलून घ्या. नंतर कोर्टात बोलण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

पावती मोडायला गेल्यावर ‘पुढच्या सोमवारी या’ असं ऐकायला आलं, तर चेअरमनच्या घरी जाऊन विनवणी करत बसू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि पंधरा दिवसांत पैसे न आल्यास ती प्रत जोडून तालुक्याच्या सहकारी संस्था निबंधक कार्यालयात तक्रार द्या. चारही पावत्यांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा.