हॉस्टेल सोडू की कर्ज फेडू?

प्रश्न : मुंबईच्या सरकारी महाविद्यालयात एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यावेतन ८४,००० रुपये. घरी २०,००० पाठवते, जेवणखाण आणि बाकी खर्च १८,०००. एमबीबीएसचं १४ लाखांचं कर्ज (१०.५ टक्के) आहे, त्याचं व्याज दरमहा भरते. शिल्लक २,१०,०००. हॉस्टेलच्या एका खोलीत तिघी राहतो, झोप होत नाही. हॉस्पिटलजवळ ३२,००० भाड्याचा वन बीएचके बघितलाय, डिपॉझिट दीड लाख. व्याज भरणं थांबवून तो घेऊ का? बाबा म्हणतात, तसंही व्याजावर कर वाचतो.

उत्तर : डॉक्टर, हॉस्टेल सोडण्यात काही चूक नाही. इमर्जन्सी ड्यूटी करून आल्यावर झोपायला जागा नसेल, तर तिथे पैसे वाचवून काय करायचंय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार निवासाची सोय करणं महाविद्यालयाला बंधनकारक आहे, पण तिथे राहायची तुमच्यावर सक्ती नाही.

अडचण वेगळीच आहे. दरमहा १२,२५० व्याज धरलं की तुमच्या हातात ३३,७५० उरतात. भाडं गेलं की १,७५०. शिवाय डिपॉझिट आणि एक महिन्याची दलाली मिळून सुरुवातीलाच १,८२,००० जातील, म्हणजे बँकेत राहतील २८,०००. आता विद्यावेतन दोन महिने रखडलं, तर? ते कसं रखडतं हे तुम्हाला मी सांगायला नको. मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, मागण्यांत 'वेळेवर विद्यावेतन' हा मुद्दा उगाच येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने दहा हजारांची वाढ दिली, पण तारखेची हमी कोणी देत नाही. घरमालक मात्र पाच तारखेला फोन करतो.

व्याज थांबवायचा विचार तर सोडूनच द्या. उरलेल्या दीड वर्षात साधारण २,२०,००० साचतील, हप्ते सुरू होताना ते मुद्दलात जातील आणि मग त्यांच्यावरही व्याज. बाबांचा कराचा मुद्दा जुन्या करप्रणालीतला. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. तुमचं वर्षाचं १० लाख ८ हजार होतं. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कसा?

म्हणून घर घ्या, पण को-रेसिडेंटला, म्हणजे तुमच्यासोबतच्या एखाद्या निवासी डॉक्टरला, सोबत घेऊन. भाडं १६,००० वर येतं, सुरुवातीचा खर्च ९१,००० वर, शिल्लक राहते १,१९,००० आणि दर महिन्याला १७,७५० हातात उरतात. तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे दोन लाख, होईपर्यंत ते बाजूला टाका. पाचेक महिने लागतील. त्यानंतर तीच रक्कम कर्जाच्या मुद्दलात. स्वस्त पडतं म्हणून ठाण्यापलीकडे जाऊ नका, नाइटनंतरची लोकल तुम्हाला परवडणार नाही.

एक टर्म विमाही घ्या, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा साधा विमा. कर्जावर बाबांची सही असेलच. तुमचं काही बरंवाईट झालं तर बँक त्यांच्याकडे जाईल. रेसिडेंट रूममध्ये येऊन 'गुंतवणूक अधिक विमा' विकणाऱ्याला मात्र चहा पाजून परत पाठवा.

भाडेकरारात दोघींची नावं घाला आणि एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल असं कलम मागून घ्या. एमडीनंतर वर्षभराचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, आहे, आणि पोस्टिंग मुंबईतच मिळेल असं धरून चालू नका.