पोस्टर काढायला सांगू का?

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे, राहायला कोपरखैरणेला. मुलगी आठवीत. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. भिंतीवर जेमिमा रॉड्रिग्जची तीन पोस्टरं. परवा मी नाइट करून आले, तर भांडी तशीच पडलेली आणि ही क्लिपा बघत बसलेली. मी म्हणाले, "त्यांना खेळायचे पैसे मिळतात, त्या कसल्या हिरो?" दोन दिवस ती धड बोलली नाही. माझं चुकलं का? खेळाडूंना एवढं डोक्यावर घ्यावं का?
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, पैशाचा मुद्दा सोडून द्या. पगार तुम्हीही घेता, मीही तेहतीस वर्षं पी.टी. शिकवून घेतला. रात्रभर सलाइन बदलायचं तुम्ही आणि घरात पोस्टर लागायचं दुसरीचं, हे तुम्हाला लागलंय. लागणारच.

कळव्याच्या शाळेत माझ्या खेळाच्या सामानाच्या कपाटाला आतून अझरुद्दीनचा फोटो होता. पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं! त्याचं मनगट दाखवून मी पोरांना फ्लिक समजवायची. (मी मूळची खो-खोवाली, क्रिकेट हेडसरांनी गळ्यात मारलेलं.) 2000 साली मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात क्रिकेट बोर्डाने त्याच्यावर तहहयात बंदी घातली. दुसऱ्या दिवशी मी फोटो टराटरा फाडला. सातवीतला एक पोरगा स्टंप ठेवायला आला होता. म्हणाला, "बाई, मग आता फ्लिकपण मारायचा नाही का?" मला उत्तर सुचलं नाही. 2012 मध्ये हायकोर्टाने ती बंदी बेकायदा ठरवली, तोवर फोटो कधीच कचऱ्यात गेला होता. फाडायची घाई झालीच, पण गडबड त्याच्या आधीची. आवडलं होतं मनगट, आणि मी अख्खा माणूस कपाटाला चिकटवला होता.

म्हणून लेकीला विचारा, तुला तिचं नेमकं काय आवडतं? सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना जेमिमाने नाबाद 127 केल्या, हे तर आहेच. पण त्याच स्पर्धेत एका सामन्यातून तिला वगळलं होतं. जिंकल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की या दौऱ्यात मी जवळजवळ रोज रडले, मनात सतत धास्ती असायची. आठवीतल्या मुलीला शतकापेक्षा हे जास्त भिडलेलं असू शकतं. तसं निघालं, तर शाळेत काही बिनसलंय का, तेही हळूच काढून घ्या.

माझी तक्रार आहे ती आपल्या डोक्यावर घेण्याच्या तऱ्हेबद्दल. 2007 चा वर्ल्ड कप पहिल्याच फेरीत हातचा गेला, तेव्हा रांचीत धोनीच्या अर्धवट बांधलेल्या घराची लोकांनी नासधूस केली. सहा महिन्यांनी टी-20 चा वर्ल्ड कप जिंकून आला, तर त्याच धोनीला मुंबईत उघड्या बसमधून मिरवलं. आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. दोन्ही कप आपलेच, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे : प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. यांचं पोस्टर तुम्ही कुठे पाहिलंत? मला कढ येतो, मान्य.

पोस्टरं राहू द्या. भांडी मात्र तिनेच घासायची, त्यात जेमिमाचा वशिला चालणार नाही. आणि नाइटवरून आलात, की झोपण्याआधी चहा घेता घेता रात्री काय झालं ते तिला सांगत जा. पेशंटचं नाव नको, बाकी सगळं. तुम्ही सिस्टर लोक घरी काही बोलतच नाही. माझी धाकटी बहीण तशीच. कोविडच्या पहिल्या लाटेत ती सलग किती दिवस वॉर्डातच राहिली होती, हे मला तिच्या निरोप समारंभात दुसऱ्यांच्या भाषणांतून कळलं. शेजारच्या खुर्चीत तिचा मुलगा होता. तोही पहिल्यांदाच ऐकत होता.