तलावाकाठचे पक्षी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस परतला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कॅमेरे, दुर्बिणी आणि बगळे यांची गर्दी होते. यंदाच्या पत्रांतले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

दसऱ्यानंतर पवई तलावावर पक्षी बघायला जायचा बेत आहे. मंडळी म्हणतात, डिसेंबरच्या आधी जाण्यात अर्थ नाही. खरं का? किती वाजता पोचावं? – एक वाचक, घाटकोपर

मंडळींचं मनावर घेऊ नका. थंडीतले पाहुणे एका दिवसात येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात, आणि ते येणं बघण्याचे दिवस हेच. राखी धोबी सप्टेंबरातच काठावर शेपटी हलवताना दिसू लागतो. तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा लागतात. झुडपातून कोणी सतत ‘चक् चक्’ करतंय पण दिसत नाही, असं झालं तर तो बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या. ऑक्टोबरात जलपर्णीवर खालून घिरट्या घालणारा मार्श हॅरियर, म्हणजे दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी, शोधा. तो आला की वारकरी पक्षी आणि पाणकोंबड्या एकदम एकत्र गोळा होतात, त्यावरून आधी कळतं.

मुक्कामी मंडळी तर आहेतच : जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, पाणकावळे, जांभळा बगळा, अडई, आणि चोचीच्या टोकाशी पिवळा व बुडाशी लाल ठिपका मिरवणारं हळदी-कुंकू बदक.

मुंबईत ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या थोडं पुढे उगवतो, नोव्हेंबरच्या मध्याला पावणेसातच्या सुमारास. उगवतीच्या पंधरा मिनिटं आधी काठावर असा आणि नऊला परत फिरायची तयारी ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये साडेनऊनंतर पक्षीही सावली धरतात.

जागेचं म्हणाल तर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याकडचा काठ तलावाच्या दक्षिणेला आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे तिथून पाण्याकडे पाहताना प्रकाश बहुतेक वेळ तुमच्या पाठीशी किंवा बाजूला राहतो. फोटोसाठी यापेक्षा सोयीचं काही नाही, रहदारीचा आवाज तेवढा सोसावा लागतो.

आणि एक. भांडुप-ऐरोलीकडच्या खाडीवर उतरलेल्या थापट्या आणि तलवार बदकांत सुरुवातीला ‘सगळ्या माद्याच आल्या’ असं वाटतं. विणीनंतर नरांची रंगीत पिसं झडतात आणि काही काळ ते मादीसारखेच मातकट दिसतात. ओळख चोचीच्या आकारावरून करा. रंग थंडी वाढेल तसे परततात.

सोबतच्या फोटोत जलपर्णीवर चालणारा, पोटाला पांढरा, डोक्यावर तपकिरी टोपी असलेला लांब बोटांचा पक्षी आहे. लांब शेपटीचा कमळपक्षी हाच का? शेपटी तर लांब दिसत नाही. – एक वाचक, कांजूरमार्ग

फोटोतला पक्षी कांस्यपंखी कमळपक्ष्याचं याच पावसाळ्यातलं पिल्लू आहे. या महिन्यात ही गफलत हमखास होते, कारण दोन्ही कमळपक्षी आत्ता आपल्या ‘पुस्तकी’ रूपात नसतात.

पूर्ण वाढलेला कांस्यपंखी ओळखायला सोपा : काळं चकचकीत डोकं आणि मान, डोळ्यावर जाड पांढरी भुवई, पाठ कांस्याच्या रंगाची. पिल्लू मात्र पोटाला पांढरं, छातीवर बदामी झाक आणि डोक्यावर तांबूस टोपी. उलट, लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपटी विणीपुरतीच लांब असते. हिवाळी पिसाऱ्यात ती गळते आणि तोही तपकिरी-पांढरा दिसतो.

फरक दोन ठिकाणी पाहा. लांब शेपटीवाल्याच्या डोळ्यापासून मानेच्या बाजूने एक काळी रेघ उतरते आणि छातीवर गळपट्ट्यासारखी जुळते. तुमच्या फोटोत ती नाही. दुसरी खूण पक्की : उडताना किंवा तोल सावरायला पंख उचलले की लांब शेपटीवाल्याचे पंख पांढरेशुभ्र उघडतात, कांस्यपंखीचे गडदच राहतात. त्यामुळे चालताना पन्नास फोटो काढण्यापेक्षा पंख उघडण्याचा एक फोटो मिळवा. जलपर्णीच्या एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना तो पंख उचलतोच.

पिल्लाजवळ मोठा पक्षी दिसला तर तो बहुधा बाप असेल. कमळपक्ष्यांत अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे असतं.

बगळ्यांचे फोटो पांढरेफटक येतात, पिसांचा तपशील दिसत नाही. ‘एक्स्पोजर मायनस कर’ असं सगळे सांगतात. केलं, तर काही फोटो सुधारले आणि काही करडे, अंधारे झाले. माझ्याकडे ७०-३०० लेन्स आहे. – एक वाचक, मुलुंड

सल्ला अर्धाच मिळालाय. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर चौकटीत जे काही आहे त्याची सरासरी मध्यम करड्यावर आणायला बघतो. गडद पाणी किंवा हिरवी जलपर्णी मोठी आणि बगळा लहान असेल, तर मीटर सगळं दृश्य उजळवतो आणि बगळा फुटतो, म्हणजे तपशील हरवून पांढराफटक होतो. इथे उणे ०.७ ते उणे १.३ लागतं. पण तोच बगळा उजळ आभाळावर उडाला की मीटर सगळं काळवंडवतो. तिथे अधिक १ किंवा त्याहून जास्त द्यावं लागतं. तुमचे करडे आलेले फोटो याच दुसऱ्या प्रकारचे आहेत. उणे-अधिक बगळ्यावर ठरत नाही, मागे काय आहे यावर ठरतं.

बगळा उठून पाण्यावरून आभाळावर जातो तेव्हा त्याच्यावर पडणारं ऊन बदलत नाही, पार्श्वभूमी बदलते. म्हणून स्वच्छ उन्हात मॅन्युअल मोड वापरा. नऊच्या सुमारास आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/२५०० सेकंद, इथून सुरुवात करा. एक फोटो काढून स्क्रीनवर हायलाइटचा इशारा (फुटलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) लावून बघा. पाठीवर काळं लुकलुकत असेल तर शटर १/३२०० करा. लुकलुकणं थांबलं की तेच आकडे ठेवून द्या आणि ढग आला तरच हात लावा. सकाळी सातला प्रकाश कमी असतो. तेव्हा लेन्स पूर्ण उघडून आयएसओ १६०० पर्यंत जायला कचरू नका. बसलेल्या बगळ्याला १/५०० पुरतं, उडणाऱ्याला १/२००० च्या खाली उतरू नका, सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२०० सुद्धा कधी कमी पडतं.

एक फसगत टाळा. मॅन्युअल मोड ठेवून आयएसओ ऑटोवर असेल तर एक्स्पोजर पुन्हा मीटरच ठरवतो. चाक तुम्ही फिरवत राहता, उजेड मात्र होता तिथेच राहतो. आयएसओही आकड्यावर बांधा.

फाइल ‘रॉ’मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात घ्या. थोडं अंधारं आलेलं पीस वर काढता येतं, फुटलेलं पांढरं परत येत नाही.

सकाळी सातचे फोटो धारदार, दहाचे मऊ. त्याच पक्ष्याचे, त्याच लेन्सने. लेन्स दुरुस्तीला टाकू का? – एक वाचक, चेंबूर

नका टाकू. ऊन चढलं की तापलेला काठ आणि पाणी यांवरची हवा थरथरते आणि दूरच्या पक्ष्याच्या कडा विरघळतात. शटर वाढवून, ट्रायपॉड लावून किंवा महागडी लेन्स घेऊन हे सुटत नाही. खात्रीसाठी दहा वाजताच पाच-सहा मीटरवरच्या फांदीवरच्या बुलबुलचा फोटो घ्या. तो धारदार आला तर दोष हवेचा. उपाय एकच : लवकर जा आणि अंतर कमी असेल तेव्हाच बटण दाबा. तापलेल्या फरशीवरून किंवा उन्हातल्या गाड्यांच्या टपांवरून नेम धरणंही टाळा.

कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं जमतं. दुसरं, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. ते पुसता येईल का? ओलाव्यासाठी कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवते. – एक वाचक, ठाणे

दोन्हींचं मूळ आपली दमट हवा. रात्रभर एसीच्या खोलीत राहिलेली काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूहून थंड असते, म्हणून हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. एसी लोकलमधून किंवा टॅक्सीतून उतरलात तरी तेच. आदल्या रात्री कॅमेरा एसी नसलेल्या खोलीत ठेवा. ते जमलं नाही तर बॅगची चेन न उघडता अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. धुकं जमलंच तर ओढणीने पुसू नका, धुळीचे चरे पडतात. आपसूक जाऊ द्या. काच कोरडी होईपर्यंत लेन्स काढून बदलू नका, नाहीतर तीच वाफ सेन्सरवर बसते.

जाळ्यासारखं दिसतंय ती बुरशी. मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून पाहिलंत तर तंतू स्पष्ट दिसतील. ती आतल्या काचेवर असते, त्यामुळे घरी पुसता येत नाही. लेन्स उघडून साफ करणाऱ्या जाणकाराकडे लवकर द्या. उशीर झाला की बुरशी काचेवरचा लेप खाते आणि डाग कायमचा राहतो. तोवर ही लेन्स इतर सामानापासून वेगळी ठेवा.

तांदळाचा डबा बंद करा. त्याने ओलावा पुरेसा ओढला जात नाही, उलट पिठूळ धूळ फटींत शिरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम होतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली कोरडं करणंही बरं नाही, रबर आणि वंगण सुकतं. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले (निळे असतील तर गुलाबी) की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. चामड्याच्या खोळीत लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

आधी कॅमेरा घ्यावा की दुर्बीण? – तीन वाचकांचा प्रश्न

दुर्बीण, आणि ती ८×४२. आठ म्हणजे किती पट जवळ दिसेल, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ डोळ्याशी येतं. १०×४२ मध्ये ते ४.२ च होतं. पहाटेच्या उजेडात हा फरक जाणवतो, शिवाय दहा पटीत हाताचा कंपही जास्त दिसतो. ‘२० ते १८० झूम’ असं लिहिलेल्या दुर्बिणींकडे फिरकू नका.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याच्या काचेत दिसणारी वर्तुळं गोल हवीत, कडा कापलेल्या नकोत. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दुमडून पूर्ण दृश्य दिसतं का ते पाहा. वापरण्याआधी एकदा जुळणी करा : उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून फक्त उजव्या बाजूची कडी फिरवा. कडीचा तो आकडा लक्षात ठेवा. ‘दुर्बिणीतून डोकं दुखतं’ या तक्रारींत बहुतेकदा हीच जुळणी राहिलेली असते.

फ्लेमिंगो आत्ता दिसतील का? – एक वाचक, दादर

ऑक्टोबरात भरवसा नाही. नोव्हेंबरपासून येऊ लागतात, मोठे थवे नव्या वर्षात. तेव्हा ठाणे खाडीचं अभयारण्य (२०१५ साली घोषित, २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत) गाठा आणि निघण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात दूरवर पांगतात, पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीला नेरूळच्या बाजूच्या पाणथळींवर शोधा.

पक्षी सप्ताहात सोसायटीतल्या मुलांना तलावावर न्यायचंय. काय काळजी घ्यावी? पक्षी जवळ यावेत म्हणून पाव टाकला, मोबाइलवर त्यांचा आवाज लावला तर चालेल का? – एक वाचक, विक्रोळी

महाराष्ट्रात पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर असतो; पाच तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाची, बारा सालिम अलींच्या. एका मोठ्या माणसामागे पाच-सहा मुलं, तिघांत एक दुर्बीण, आणि दीड तासात आटपा. त्याहून लांबवलं की मुलं पक्षी सोडून एकमेकांना बघू लागतात. कपडे मातकट किंवा हिरवे, पांढरे टी-शर्ट नकोत.

पाव नको, गाठी-शेव तर नकोच. मीठ-तेलाचं खाणं पक्ष्यांना सोसत नाही, उरलेलं पाण्यात कुजतं, आणि त्यावर कावळे व घुशी जमल्या की कमळपक्ष्यांच्या पिल्लांची खैर नसते. आवाज लावणंही नको. पक्ष्याला वाटतं हद्दीत परका नर घुसला. तो चरणं सोडून भांडायला धावत राहतो.

पवईत मगरी आहेत, हे मुलांना निघण्याआधीच सांगा. कठड्याच्या आतच थांबायचं, चेंडू पाण्यात गेला तरी उतरायचं नाही. थंडीत ऊन वर आलं की मगरी काठावर अंग शेकायला येतात. दुर्बिणीतून त्या दाखवल्यात तर मुलं आपणहून कठड्यापासून मागे सरकतील. प्रत्येकाला एक वही द्या : वेळ, जागा, पक्षी किती, काय करत होते. नाव येत नसेल तर चोच, पाय आणि शेपटी काढून ठेवायची. मोजलेली यादी मोठ्यांपैकी कोणी त्याच दिवशी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. ‘खूप बगळे’ असं न लिहिता अंदाजाने का होईना, आकडा लिहा.