डावीकडची कोशिंबीर

प्रिय चिऊ,

काल तू विचारलंस आणि तेवढ्यात आजीनं जेवायला हाक मारली, म्हणून लिहूनच पाठवतो. प्रश्न दोन होते. डावीकडची कोशिंबीर संपल्याशिवाय आजी दुसरी पोळी का वाढत नाही? आणि घोटा मुरगळला म्हणून वरून आंबेहळदीचा लेप, पोटात हळदीचं दूध, ह्यानं ‘इन्फ्लमेशन’ खरंच जातं का?

आधी घोटा. लाली, सूज, गरमपणा, ठणका ही चौकडी सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. ह्यालाच इन्फ्लमेशन म्हणतात, आपल्याकडे दाह. हा दाह तुझ्या बाजूचा. रक्त तिकडे धावतं, पांढऱ्या पेशी जमतात, डागडुजी सुरू होते. ही सूज जेवणानं आली नाही आणि जेवणानं उतरायचीही नाही. लेप मात्र लावून घे, आजीचा हात फिरला की निम्मं दुखणं जातं. (पाय टेकवताच येत नसेल तर लपवू नकोस, एक्स-रे काढावा लागेल.)

दुसरा दाह डोळ्यांना दिसत नाही. मी इथे मँचेस्टरला रोज ज्या टेस्ट लावतो त्यात सीआरपी असते. हे यकृतात तयार होणारं प्रथिन, १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. निरोगी मुलाचं साधारण लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आत असतं, जंतूंनी मोठा हल्ला केला तर १००च्याही पुढे जातं. पण काही मुलांना ना ताप, ना खोकला, तरी आकडा महिनोन् महिने किंचित चढलेला. वजन फार वाढलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. पोटाभोवतीची चरबी स्वस्थ पडून राहत नाही, दाह धुमसत ठेवणारी रसायनं रक्तात सोडत असते.

जेवणानं दाह खरोखर उतरतो का, ह्याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण क्रोन्स ह्या आतड्याच्या आजाराचं. त्यात मुलांना बऱ्याचदा पहिला उपचार म्हणून सहा ते आठ आठवडे घरचं अन्न पूर्ण बंद करून फक्त खास तयार केलेलं पातळ पोषण देतात. स्टेरॉइड न देता बहुतेक मुलांचा दाह निवतो. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. अर्थात तो आजार वेगळा आणि तो उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालचा. तुझ्या ताटाशी त्याचा संबंध इतकाच की आतडं हे दाहाचं मोठं मैदान आहे.

आणि तिथेच कोशिंबिरीचं काम. काकडी, गाजर, कोबी ह्यांतला चोथा आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं ते जेवण. जिवाणू तो चोथा आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. आतड्याच्या अस्तराला त्यातून ऊर्जा मिळते, दाहही आवरला जातो. उसळ, ज्वारीची भाकरी, पेरू, सगळ्यांचं असंच. ताटात डावीकडेच वाढलेल्या जवसाच्या चटणीत वनस्पतीतलं ओमेगा-३ हे स्निग्ध आम्ल असतं. माशातल्याइतकं ते कामाला येत नाही, पण आपल्या शाकाहारी घरात तेवढंच.

आता हळद. वाईट वाटून घेऊ नकोस आणि आजीला वाचून दाखवू नकोस. अर्धा चमचा हळद म्हणजे दीडेक ग्रॅम, त्यात कर्क्युमिन (हळदीतलं कामाचं रसायन) जेमतेम पन्नास मिलिग्रॅम, आणि तेही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. प्रयोगांत माणसांना त्याच्या दसपट आणि जास्त देतात. मिरपूड घातली तर शोषण वाढतं, तरी एका पेल्यानं काही होत नाही. नाव हळदीचं होतं, राबते कोशिंबीर.

आजीला ब्युटिरेट ठाऊक नाही. तिच्या आईनं तिला तसंच वाढलं. उजव्या हातानं जेवायचं, म्हणून भाजी-आमटी उजवीकडे, हाताशी. चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, मधूनमधून तोंडी लावायला. ‘डावं-उजवं करणं’ म्हणजे भेदभाव, तो वाक्प्रचारही ह्याच ताटातला असावा. इंदूरमधल्या लोकमान्यनगरच्या त्याच घरात मी कोशिंबीर पोळीखाली लपवायचो. पकडला गेलो की दुप्पट वाढली जायची.

सराफ्याला काकाबरोबर खुशाल जा. रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तिथे जे मांडलं जातं ते मला इथे स्वप्नात दिसतं. भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा) खा, पावसाळ्यात तो चुकवायचा नाही. पण सकाळी पोह्यांबरोबर जिलबी, दुपारी शिकंजी (इंदूरची, म्हणजे लिंबूपाणी नव्हे, घट्ट गोड दूध) आणि रात्री सराफा, असं रोज नको. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. तुझ्या वयाला ते ५ टक्के म्हणजे सहाएक चमचे. दोन जिलब्यांतच ते जवळजवळ सरतात.

एक काम कर. आजी जवस किती भाजते, चटणीत लसूण आधी घालते की नंतर, ते नीट बघून ये. माझी इथे दर वेळी कडू होते. फोनवर विचारलं तर ती फक्त ‘अंदाजानं’ म्हणते.

तुझा,
बाबा