त्या दोन मावश्यांचं काय?

"ताई, मी 24 वर्षांची. आयटीत टेस्टिंगला होते, जॉब सोडला. मुळशीकडे एका सेंद्रिय भाजीच्या शेतावर जूनपासून सहा महिने इंटर्नशिप करायचं ठरवलंय. राहणं-जेवण मिळेल, पैसे नाहीत. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. सर शनिवार-रविवार पुण्याहून येतात तेव्हा शिकवतात. आधी गावातल्या दोन मावश्या कामाला यायच्या, आता आम्ही तिघं इंटर्न म्हणून त्या बंद होणार, त्यामुळे प्रॅक्टिकल भरपूर मिळेल. तिथला शेरू कुत्रा तर पहिल्याच भेटीत माझ्या मांडीवर! पण बाबा म्हणतात, आजोबांनी शेत सोडून शहर गाठलं ते यासाठी का? मैत्रिणी हसतात. मलाही आनंद होतो आणि कसंतरीपण होतं. जाऊ का नको?"
गोंधळलेली, कोथरूड

बाई गं, बाबांचं राहू दे. पहिली मेथीची जुडी घरी नेलीस की येतील ताळ्यावर. मैत्रिणींचं तर सोडूनच दे.

मी अडकलेय त्या मावश्यांपाशी. एका वाक्यात आल्या आणि त्याच वाक्यात गेल्या, वर तू त्याला "त्यामुळे" लावून पुढे निघालीस!

फुकट राबून शेती शिकायला माझी काही हरकत नाही. 1971 ला लंडनच्या सू कॉपर्ड नावाच्या एका सेक्रेटरी बाईंनी शहरातल्या माणसांना वीकेंडला सेंद्रिय शेतावर न्यायला सुरुवात केली, आता जगभर वूफिंग म्हणतात ते तिथूनच आलं, पण त्यात साधारण हिशोब असा की दिवसाचे चार-सहा तास हात लावायचा आणि बदल्यात राहणं, जेवण, शिकणं. तुझे तास मोज. जेवणाची सुट्टी काढली तरी दहा भरतात. याला आमच्याकडे गडी ठेवणं म्हणायचे, आणि गड्याला साल ठरवून पैसे मिळायचे.

सेंद्रिय म्हणजे तणनाशक नाही. म्हणजे तण हाताने काढायचं, म्हणजे खुरपायला बायका लागणार, आणि असल्या शेतीत पैसा जातो तो मजुरीतच. 2025-26 ला राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता, गावातला रोज वेगळा असेल पण हिशोबापुरता हाच धर. दोघी, महिन्याचे 25 दिवस, सहा महिने. 93,600 रुपये. सरांचे वाचले, तुला सर्टिफिकेट.

म्हणशील त्यांना दुसरीकडे मिळेल काम. जुलैत मिळेल, मुळशी भाताचा भाग आहे, लावणीला बायका मिळत नाहीत म्हणून शेतकरीच दारोदार फिरतात. लावणी उरकली की मग काय? भाजीवर बारमाही काम असतं, म्हणून तर त्या तिथे होत्या ना.

आणि तुला शिकवणार कोण, हा विचार केलायस?

मी आठवीत असताना मामाकडे कांद्यात खुरपायला बसले होते. तासाभरात माझी ओळ सगळ्यांच्या पुढे, मी एकदम खूश. मागून एक मावशी आल्या, काही न बोलता माझ्याच ओळीत खुरपं खोल घातलं आणि बोराच्या बीएवढी काळी गाठ काढून माझ्या तळहातावर ठेवली. लव्हाळा नावाच्या तणाची. मी नुसती वरची पात तोडत गेले होते. "आठ दिवसात परत उठतंय बघ," एवढंच म्हणाल्या. सहाव्या दिवशीच उठलं.

ही गाठ तुझे सर शनिवारी येऊन दाखवणारेत का? ज्यांच्या हातात सोमवार ते शुक्रवारचं शिक्षण होतं त्यांनाच घरी बसवतायत, आणि तुम्ही तीन नवखी पोरं रोपटं कुठलं आणि तण कुठलं म्हणून एकमेकांची तोंडं बघणार. तुला कसंतरी होतंय ते माझ्या मते बाबांमुळे नाही होत, ते वाक्य तू स्वतःच लिहिलंयस, लिहिताना कुठेतरी टोचलं असणारच.

आज संध्याकाळी सरांना फोन कर, मेसेज नको, फोन. सांग की दोघी पूर्ण रोजावर राहणार असतील तर मी येते आणि त्यांच्या हाताखाली काम करते. हो म्हणाले तर बॅग भर, टोपी घे, आणि पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतील त्याबद्दल मला पत्र लिहू नकोस. "बजेट नाही", "बघू", "त्यांनाच यायचं नव्हतं" असलं काही ऐकू आलं तर जायचं नाही. दुसरं शेत शोध.

फोनवर त्या दोघींची नावंपण विचारून घे. पत्रात कुत्र्याचं नाव आहे, त्यांचं नाहीये.